जळीत विभागासाठी चांदीच्या पट्ट्या हव्या आहेत

सप्रेम नमस्कार.

गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला आहे आणि थंडीमुळे घरोघरी बंब पेटू लागले आहेत. दरवर्षी याच दिवसांत आपल्या सरकारी रुग्णालयातला जळीत विभाग भरतो. काहिलीतला उकळता रस अंगावर आलेले कामगार, कढत पाण्याच्या बादलीत पडलेली लहान मुलं, चुलीजवळ पदर पेटलेल्या बायका. पहिले काही दिवस निभावून गेलेला रुग्ण पुढे दगावतो तो मुख्यतः जंतुसंसर्गाने. तो रोखण्यासाठी जखमेवर बांधायच्या चांदीच्या पट्ट्या या विभागाला देता याव्यात म्हणून आमचं मंडळ आपल्याकडे मदत मागत आहे.

खोल भाजलं की कातडीबरोबर तिच्यातल्या रक्तवाहिन्याही जळतात. त्यामुळे शिरेतून दिलेलं प्रतिजैविक त्या मेलेल्या थरात पोहोचत नाही, आणि स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, असिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू नेमके तिथेच वाढतात. त्यातले कित्येक आता नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून औषध जखमेवर बाहेरूनच असावं लागतं. १९६८ च्या सुमारास पुढे आलेलं आणि नंतर जगभर वापरात गेलेलं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम त्यासाठीच आहे. पण ते रोज पुसून, जखम धुऊन पुन्हा लावावं लागतं. ड्रेसिंगच्या वेळी त्या वॉर्डाबाहेर जो उभा राहिला आहे, त्याला हे 'रोज' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

नॅनो चांदीचा थर दिलेल्या पट्ट्या इथे कामाला येतात. प्लास्टिकच्या बारीक जाळीवर चांदीचे इतके सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात की त्यांचा आकार नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण जितके बारीक, तितका चांदीचा उघडा पृष्ठभाग जास्त. ओल मिळाली की त्यातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सावकाश सुटत राहतात. ते जंतूचं आवरण फोडतात, प्रथिनं निकामी करतात, डीएनएला चिकटतात. एकाच वेळी इतक्या ठिकाणी मार बसल्याने जंतूला निसटणं अवघड जातं, अगदी अशक्य नसलं तरी. अशी पट्टी प्रकारानुसार तीन दिवस, काही वेळा सात दिवसही तशीच ठेवता येते. लेकराच्या वाट्याचं रोजचं ड्रेसिंग टळतं, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ती मिळायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

ही पट्टी प्रत्येक जखमेला लागत नाही. चांदी नव्याने येणाऱ्या त्वचेच्या पेशींनाही त्रास देऊ शकते, म्हणून संसर्ग आटोक्यात आला की डॉक्टर ती थांबवतात. कोणाला लावायची हे तेच ठरवतील. मंडळ फक्त पुरवठा करेल. बाजारात 'नॅनो सिल्व्हर' म्हणून पिण्याची द्रावणंही विकली जातात. ती कृपया देऊ नका, स्वतःही घेऊ नका. शरीरात चांदी साठून कातडी कायमची निळसर-करडी पडू शकते.

एक पट्टी मलमाच्या मानाने बरीच महाग असते, आणि मोठ्या जखमेला एका वेळी अनेक लागतात. त्यामुळे शक्यतो रोख किंवा मंडळाच्या नावाचा धनादेश द्यावा, पावती लगेच मिळेल. पट्ट्याच द्यायच्या असतील तर आधी वॉर्डातल्या सिस्टरना माप विचारून घ्या. पाकीट सीलबंद आणि मुदतीतलं हवं. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या दिल्या तरी मोठी मदत होईल. या पट्ट्या निर्जंतुक पाण्यानेच भिजवाव्या लागतात. सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, चालत नाही, कारण त्यातलं क्लोराइड चांदीला बांधून टाकतं.

गुऱ्हाळमालकांना वेगळी विनंती: काहिलीजवळ गार पाण्याचा नळ किंवा भरलेलं पिंप ठेवा. कोणी भाजलं तर तो भाग वीस मिनिटं साध्या गार पाण्याखाली धरा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून थेट रुग्णालयात आणा.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी उघडं असतं. जमा झालेली रक्कम आणि वॉर्डात दिलेल्या पट्ट्या यांचा हिशेब दर महिन्याला तिथल्या फलकावर लावला जाईल.