रोड टेस्ट एका किलोमीटरची

सुदामानगर, इंदूर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय : गाडीच्या घुमण्याच्या आवाजाचं चुकीचं निदान, विनाकारण बदललेली बेअरिंगं आणि दुरुस्तीत झालेला निष्काळजीपणा.

महोदय,

आपल्या कंपनीची २००७ सालची फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन मी अठरा वर्षं स्वतः चालवते आहे. आम्ही शाळकरी मुलांना निसर्ग-शिबिरांसाठी चोरल, जानापावकडे नेतो. पावसाळ्यात माळव्याची काळी माती चाकांना कशी धरते हे ज्याने पाहिलंय, त्याला मी ही गाडी का सोडत नाही ते सांगावं लागणार नाही. २०२२ मध्ये आरटीओच्या तपासणीत पास होऊन तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढली. हे आधीच लिहिते, कारण ‘गाडी जुनी आहे’ हे उत्तर आपल्या इथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी तीनदा ऐकलं आहे. चौथ्यांदा ऐकायची इच्छा नाही.

४ सप्टेंबरला तिथे नेहमीची सर्व्हिस करून घेतली. त्याच आठवड्यात पुढून आवाज सुरू झाला. ताशी ४५ पर्यंत काही नाही, मग घूंऽऽ असा, आणि ७० ला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागेल इतका. शिबिराला येणारी, गाणं शिकणारी एक मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, “काकू, तुम्ही गिअर बदललात तरी गाडीचा सूर तोच आहे.” मी मुद्दाम ६० ला तिसऱ्यात आणि मग चौथ्यात चालवून पाहिली. खरंच तोच. म्हणजे आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नाही, चाकांच्या फेऱ्यांबरोबर चढत होता. तपासाची ही पहिली पायरी एका तेरा वर्षांच्या मुलीने चालत्या गाडीत ओलांडली.

१० ऑक्टोबरला मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. गाडी मी चालवत नेली, किल्ली मी दिली, तक्रारही मीच सांगितली. पण अॅडव्हायझरांचे सगळे प्रश्न सोबत आलेल्या माझ्या भाच्याला. (त्याला अजून लायसन्सही मिळालेलं नाही.) आवाज ४५ नंतरच येतो हे मी दोनदा सांगितलं. संध्याकाळी निदान मिळालं : पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, दोन्ही बाजूंची बदललेली बरी. बिल ११,६४० रुपये. गाडी घेऊन निघाले आणि सुपर कॉरिडॉरवर पोचेपर्यंत आवाज हजर.

जॉब कार्डावर ‘रोड टेस्ट झाली’ असा शिक्का आहे. त्याच कार्डावर गाडी आत घेतानाचं रीडिंग १,८६,४१२ आणि परत देतानाचं १,८६,४१३ आहे. अख्ख्या दिवसात एक किलोमीटर. आपलं सर्व्हिस सेंटर ज्या गल्लीत आहे तिथे कोणी ४५ चा वेग गाठला असेल तर आवाजाआधी त्याच्यावरच तक्रार करायला हवी.

जुनी बेअरिंगं मी मागून घेतली होती. घरी अंगणात रॉकेलने धुतली, ग्रीस काढलं आणि उन्हात धरून पाहिली. रोलर आरशासारखे. कपाच्या, म्हणजे बाहेरच्या कड्याच्या, आतल्या बाजूवर नख फिरवलं तर कुठे अडकत नाही, खड्डा नाही, तापून निळा पडलेला डाग नाही. बोटांत धरून फिरवलं की मुकाट्याने फिरतात. उजवं बेअरिंग खराब असतं तर डाव्या वळणावर, भार उजव्या चाकावर येताच, आवाज वाढायला हवा होता. मी रिकाम्या रस्त्यावर डावी-उजवीकडे झोल देऊन पाहिलं होतं, काही फरक पडत नव्हता. हेही अॅडव्हायझरांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, लिहिलं नाही.

३० ऑक्टोबरला पुन्हा गेले. या वेळी उत्तर : “मैडम, पुरानी गाड़ी है, ट्रान्सफर केस बोल रहा होगा.” (ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी.) आणि हातात ४२,५०० रुपयांचं इस्टिमेट. ‘होगा’वर बेचाळीस हजार! मी सही केली नाही. ६० ला क्लच दाबून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तरी आवाज तेवढाच राहतो, आणि गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा की सोडा, त्यात बदल होत नाही. दातऱ्यांवरचा भार उलटतो तेव्हा ट्रान्सफर केसचा किंवा डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या दातऱ्यांचा) आवाज सहसा चढतो-उतरतो. इतकं तरी कोणीतरी गाडीत बसून करून बघायचं.

शेवटी शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी कुठलाही नटबोल्ट उघडला नाही. पुढच्या टायरवर तळवा ठेवून एका दिशेने फिरवला, मग उलट दिशेने. मग माझा हात धरून तिथे ठेवला. एकीकडे हात सरकतो, दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी अडते आणि मध्ये मध्ये वाटीसारखे खोलगट भाग. “हे टायर आधी मागे होते का?” असं त्यांनी विचारलं. ४ सप्टेंबरच्या जॉब कार्डावर लिहिलं आहे : टायर रोटेशन. मागचे वेडेवाकडे झिजलेले टायर तुमच्याच माणसांनी पुढे, माझ्या पायांशी आणून बसवले, आणि महिन्याभराने त्याच जागेतून येणाऱ्या आवाजासाठी बेअरिंग बदललं. खात्रीसाठी मिस्त्रींनी याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची चारही चाकं थोड्या वेळासाठी माझ्या गाडीला लावली. बायपासवर ८० पर्यंत नेली. आवाज गायब. टायर असे झिजले त्याचं कारणही सापडलं : मागच्या उजव्या शॉक अॅब्झॉर्बरमधून तेल गळत होतं. सप्टेंबरच्या तपासणी-यादीत त्याच्यासमोर बरोबरची खूण आहे.

आणखी एक गोष्ट, आणि मला खरा राग तिचाच आहे. मिस्त्रींनी पुढची लॉकिंग हबं दाखवली, म्हणजे पुढचं चाक त्याच्या शाफ्टशी जोडणारे किंवा सोडवणारे भाग. डाव्या हबचा खटका ‘फ्री’वर, उजव्याचा ‘लॉक’वर. बेअरिंग बदलताना ही हबं उघडावीच लागतात. बसवताना एक ‘लॉक’वरच राहिलं. तेव्हापासून मी टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालवत असताना उजवं चाक आपल्या बाजूचा शाफ्ट फिरवत होतं आणि पुढच्या डिफरन्शियलमधली आतली दातरी विनाकारण घासत होती. उद्या चिखलात फोर-व्हील टाकली असती तर सगळा जोर सुट्या डाव्या शाफ्टकडे जाऊन पुढच्या एकाही चाकाला ओढ मिळाली नसती, आणि मागे बारा मुलं असती.

टायर झिजले यात आपली चूक नाही. नवे चार टायर (या गाडीला चारही एकाच घेराचे लागतात) आणि दोन शॉक अॅब्झॉर्बर मी माझ्या पैशाने घेतले आहेत, त्यांचा खर्च मागत नाही. मागणी एवढीच :

बेअरिंगांचे ११,६४० रुपये परत करावेत. पुढचं डिफरन्शियल आणि दोन्ही हबं विनामूल्य उघडून, माझ्यासमोर तपासावीत. माझ्या गाडीच्या सर्व्हिस नोंदीत ‘ट्रान्सफर केस सदोष’ अशी जी ओळ घातली आहे ती काढून तसं लेखी कळवावं. नाहीतर पुढचा अॅडव्हायझर तीच ओळ वाचून तेच इस्टिमेट काढेल. आणि १० ऑक्टोबरला रोड टेस्ट कोणी, कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने केली याचं लेखी उत्तर द्यावं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तिन्ही जॉब कार्डं, बिल आणि इस्टिमेटच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जुनी बेअरिंगं माझ्याकडे पिशवीत ठेवली आहेत. आपल्या माणसाला पाहायची असतील तर घरी यावं. मी ती पुन्हा त्या सर्व्हिस सेंटरला पाठवणार नाही.

आपली ग्राहक,
(सही)