सी-आर्म चालवणाऱ्या दादा-ताईंना

सप्रेम नमस्कार,

पेल्विसच्या (कमरेच्या हाडांच्या कड्याच्या) मागच्या बाजूचं फ्रॅक्चर बसवून इलिओसॅक्रल स्क्रू, म्हणजे बाजूच्या इलियम हाडातून मधल्या सॅक्रममध्ये जाणारा स्क्रू, घातला की ऑपरेशनच्या नोंदीत सर्जनचं नाव येतं, भूलतज्ज्ञांचं येतं. तुमचं बहुधा राहून जातं. सुमारे 7 मिलिमीटर जाडीचा तो स्क्रू सेंटिमीटरभर चिरेतून आत जातो आणि सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर तुम्ही दाखवाल तेवढंच आम्हाला दिसतं.

पहिले आभार ड्रेपिंगच्या (निर्जंतुक कापड अंथरण्याच्या) आधीच्या त्या दहा मिनिटांचे. कमरेखाली घडी केलेली चादर सरकवून सॅक्रम टेबलापासून उचललेलं आहे ना, टेबलाचा लोखंडी दांडा मध्ये येत नाही ना, हे तुम्ही तेव्हाच तपासता. इनलेट (पेल्विसकडे डोक्याच्या बाजूनं पाहणारी प्रतिमा) आणि आऊटलेट (पायांच्या बाजूनं पाहणारी) दोन्ही 45 अंशांवर, असं पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात इनलेटला बऱ्याचदा 25 अंशांच्या आसपासच पुरतात आणि प्रत्येक सॅक्रमचा कल वेगळा. सीटीच्या बाजूच्या कापावरून कोन काढून तुम्ही सी-आर्मच्या कमानीवर चिकटपट्टीची खूण करता, म्हणून पुढे प्रत्येक वेळी तीच प्रतिमा मिळते. नाहीतर वायर (स्क्रूला वाट दाखवणारी तार) हलली की कोन हलला, हेच कळत नाही. पोटातला गॅस किंवा सीटीचं उरलेलं कॉन्ट्रास्ट एस-1 चं (सॅक्रमच्या पहिल्या मणक्याचं) नस जाणारं छिद्र झाकत असेल, तर तेही तुम्ही तेव्हाच सांगता. छिद्र दिसत नसेल तर वायर घालायचीच नाही.

खरा जीव अडकतो तो लॅटरलमध्ये, म्हणजे बाजूनं घेतलेल्या प्रतिमेत. सॅक्रमच्या पंखावरून (बाजूच्या रुंद भागावरून) पुढे एल-5 ची, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्याची, नस उतरते, खाली छिद्रात एस-1 ची. पंख पुढे उतरता असतो, त्यामुळे इनलेट-आऊटलेट दोन्ही स्वच्छ दिसत असतानाही वायर पंखाच्या पुढून बाहेर पडून पुन्हा हाडात शिरलेली असू शकते. म्हणून आऊटलेटवर टोक छिद्राच्या बाहेरच्या कडेशी आलं की थांबायचं आणि ट्रू लॅटरल घ्यायचा. दोन्ही बाजूंच्या सायटिक नॉच (पेल्विसच्या मागच्या कडेच्या खाचा) एकावर एक बसेपर्यंत तुम्ही मशीन अंशाअंशानं फिरवता, "चालेल हो" म्हणून सोडून देत नाही. मगच इलियमच्या दाट रेघेच्या खाली आणि मागे टोक आहे की नाही, हे खात्रीनं सांगता येतं. जन्मतः वेगळ्या घडणीच्या सॅक्रममध्ये मात्र ही रेघही फसवते. तिथे सीटी पाहून एस-1 ला तिरका किंवा एस-2 मध्ये स्क्रू, हे आधीच ठरलेलं हवं.

पोकळ ड्रिल वायरवरून जाताना वायर वाकलेली असेल तर ती ड्रिलमध्ये अडकून त्याच्याबरोबर पुढे सरकते. ड्रिल मागे घेताना तीच वायर बाहेरही येते. "वायर पुढे जातेय" हे तुमचे तीन शब्द कित्येकदा आमच्या हाताच्या आधी येतात. शेवटचे दोन-तीन आटेही तसेच. वॉशर (स्क्रूच्या डोक्याखालची चकती) हाडाला टेकताना इलियमच्या पृष्ठभागाला समांतर तिरका शॉट तुम्ही न सांगता देता. तो नसेल तर वॉशर ठिसूळ हाडाच्या आत घुसतो आणि पकड जाते. छिद्रातून गेलेल्या फ्रॅक्चरमध्ये जास्त आवळणं आणखी वाईट, मधली नस चिरडते. तिथे म्हणून पूर्ण आट्यांचा, दाब न देणारा स्क्रू.

आमच्या बाजूनं एक कबुली: "वर घ्या" म्हणजे छताकडे की पेशंटच्या डोक्याकडे, हे आम्ही सांगत नाही आणि वर चिडतो. यापुढे "डोक्याकडे", "पायाकडे", "छताकडे" असंच म्हणू. लाइव्ह स्क्रीनिंगऐवजी एकेक शॉट मागू आणि कॉलिमेशन (किरणांचा झोत) तुम्ही अरुंद केलंत तर कुरकुर करणार नाही. लेड एप्रन आधी तुम्हाला, टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा) एप्रनच्या आत छातीवर. आणि नोंदीत तंत्रज्ञ म्हणून तुमचं नाव आम्हीच लिहू.

आपले,
अस्थिरोग विभागातले सहकारी