प्रवेशाआधी महाविद्यालय पाहून यावे

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बारावीच्या निकालानंतर यवतमाळ जिल्ह्यात पेरणी आणि प्रवेश एकदमच दारात येऊन उभे राहतात. बियाण्याला आणि खताला पैसा लागतो, कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास दिसू लागतो, आणि नेमक्या याच दिवसांत मुलांना पुढे कोठे शिकवायचे हे ठरवावे लागते. माझ्या मुलीला इतिहास शिकायचा आहे. तालुक्याच्या गावी कला महाविद्यालय आहे. दुसरीकडे, २०२२ पासून दिल्ली विद्यापीठातील पदवीचे प्रवेश सीयूईटी या देशभराच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होत असल्याने आणि तिला तीत बरे गुण मिळाल्याने तेथील आशाही आहे. नातेवाइकांच्या लेखी यात विचार करण्यासारखे काही नाही. दिल्ली ती दिल्ली.

मला ते इतके सोपे वाटत नाही. मी अशाच एका लहान महाविद्यालयात शिकलो. इतिहासाला आम्ही अकरा जण होतो. सर आमच्या वह्या आम्हाला शेजारी बसवून तपासत आणि फसलेला परिच्छेद घरून पुन्हा लिहून आणायला लावत. आज चार ओळी धड लिहिता येतात त्या त्यामुळेच. मराठी माध्यमातून आलेली मुलगी दिल्लीत इंग्रजीतील व्याख्याने ऐकत, गच्च भरलेल्या वर्गात पहिले वर्षभर गप्प बसून राहिली, तर तिच्या वह्या कोण पाहणार? शिवाय तेथे शुल्कापेक्षा राहण्याचाच खर्च जड जातो, कारण वसतिगृहात सर्वांना जागा मिळत नाही.

मात्र लहान म्हणून चांगलेच, असेही नाही. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या महाविद्यालयात चौकशीला गेलो, तर इतिहासाला पूर्णवेळ प्राध्यापकच नाहीत, जे आहेत ते तासिका तत्त्वावर, असे कळले. ते बिचारे तीन ठिकाणी तास घेऊन प्रवासखर्च कसाबसा भागवतात; वह्या तपासायला ते थांबणार केव्हा? ग्रंथालयाला भरदुपारी कुलूप होते. आमच्याकडे अकोल्यात शिका की उमरखेडला, संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम आणि पदवी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचीच असते. मग एका महाविद्यालयात आणि दुसऱ्यात फरक पडतो तो शिकवणाऱ्यामुळेच, आणि नेमकी तीच जागा रिकामी ठेवली जाते. म्हणून विषयवार पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, हे प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेश सुरू होण्यापूर्वीच फलकावर लावावे आणि विद्यापीठाने ते तपासावे, अशी माझी मागणी आहे. माहितीपत्रकातील रंगीत छायाचित्रांवरून यातले काहीच कळत नाही.

दिल्ली आणि तालुका यांच्या मध्ये नागपूरही आहे, याचा तर आपल्याला विसरच पडतो. पुण्याचे फर्ग्युसन ज्या १८८५ साली निघाले, त्याच साली नागपुरात मॉरिस कॉलेज सुरू झाले. आज ते वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. फर्ग्युसनचे नाव आमच्या गावात लहान मूलही सांगते, मॉरिसचे मात्र दोन-चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक.

दिल्लीची यादी अजून लागायची आहे. तोवर मुलीला घेऊन नागपूरला जाऊन येणार आहे. पेरणी दोन दिवस लांबली तरी चालेल.

आपला,
एक शेतकरी पालक, जि. यवतमाळ