खर्जाच्या तारेसाठी : तापकीर गल्लीतल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. जुने स्पीकर भंगारात काढायला निघालेली माझ्यासारखी पुष्कळ माणसं असतील. तुम्ही स्पीकर दुरुस्त करता करता मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

आमच्या घरचे स्पीकर बाबांनी १९९४ साली बोनसच्या पैशांतून घेतले होते. खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची ट्वीटर, चारी बाजूंनी बंद लाकडी डबा. बाबा दिवसा शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी गायचे. काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, हा त्यांचा सूर. गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवा हात गेला. तानपुरा सुटला, ऐकणं तेवढं उरलं. आणि नेमके तेव्हाच स्पीकर फरफरायला लागले. कुमार गंधर्व लावले की बाबा दोन मिनिटांत हातानेच ‘बंद कर’ म्हणायचे.

मी एका मोठ्या शोरूममध्ये गेले. अठ्ठावीस हजारांचा साउंडबार, सोबत सबवूफर, खोक्यावर हजार वॅटचा आकडा. विक्रेत्याने सिनेमातला स्फोट ऐकवला. मी फोनवरचा तानपुरा लावायला सांगितलं, तर तो टेबलफॅनसारखा नुसता घुमत राहिला, तार म्हणून कानाला लागेना. तरी बाबांसाठी काहीतरी करायचंच होतं, म्हणून मी पैसे भरायच्या तयारीत होते. त्याआधी एक वायर घ्यायला म्हणून बुधवार पेठेत आले आणि तुमच्या जिन्यावर पोचले.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात : “घरी काय ऐकता?”

काका, तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. बजेट विचारलं, टीव्ही किती इंची ते विचारलं. मी काळी एक म्हटल्यावर तुम्ही बिलाच्या मागे आकडे मांडलेत. पुरुषाच्या काळी एकचा षड्ज, म्हणजे सा, साधारण १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याची सगळ्यात खालची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. “साडेसहा इंची वूफर चांगल्या बंद डब्यात तिथवर उतरतो. जवारीची, म्हणजे तारेच्या झणकाराची, झिलई वर ट्वीटरपर्यंत जाते. तानपुरा नीट वाजला तर स्पीकर पास. घरातले घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी रिक्षात मांडीवर घेऊन आले. तुम्ही जाळी काढलीत आणि वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावलंत. त्याचा काळा भुगा तुमच्या बोटावर आला. मला वाटलं, संपलं. तुम्ही दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे हलणाऱ्या कागदी पडद्यावर, सारख्या अंतरावर टेकवलीत, तो अलगद आत दाबून सोडलात आणि कान लावलात. घासल्याचा आवाज नाही. मग मीटर लावलात, ५.९ ओहम. “आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपासच दाखवतो. कोन हलवणारी तारेची गुंडाळी, कॉइल, ठणठणीत आहे. कडेचा फोम तेवढा सडलाय, बाकी काही झालेलं नाही.” हवेतल्या दमटपणाने फोम पंधरा-वीस वर्षांत असा जातोच, हेही तेव्हाच कळलं.

पुढचे दोन तास मी स्टुलावर बसून पाहत होते. जुना गोंद तुम्ही स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढलात. मधली टोपी ब्लेडने कापून उघडलीत. कॉइल आणि चुंबकामधल्या केसाएवढ्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या सरकवल्यात, कॉइल बरोबर मधोमध राहावी म्हणून. मग नवी कड चिकटवून रात्रभर तशीच ठेवलीत. सकाळी एकेक पट्टी ओढून काढताना तुम्ही श्वास धरला होतात, मीही धरला होता.

वरचे आणि खालचे सूर वेगळे करून ट्वीटर-वूफरला वाटून देणारा क्रॉसओव्हर उघडल्यावर खरी गोम सापडली. ट्वीटरच्या वाटेवरचा ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाळून ३.१ वर आला होता. म्हणजे ट्वीटर जिथे सुरू व्हायचा त्याच्या बराच वर सुरू होत होता. वूफर थांबला आणि ट्वीटर अजून आलाच नाही अशी मधे पोकळी, आणि गाण्यातली अक्षरं त्या पोकळीत पडत होती. तुम्ही प्लॅस्टिक फिल्मचे नवे कपॅसिटर घातलेत. ट्वीटरच्या तारा उलट्या जोडलेल्या दिसल्या म्हणून मी चूक झाली का विचारलं. तेव्हा हातातलं काम थांबवून समजावलंत की क्रॉसओव्हरमधली कॉइल आणि कपॅसिटर यांच्या त्या जोडणीत वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांना भेटतात तिथे त्यांचे आवाज विरुद्ध पडतात, म्हणून एकाला मुद्दाम उलटं जोडून जुळवून घ्यायचं.

ॲम्प्लिफायरचा खर्चही तुम्ही वाचवलात. टीपीए ३११६ चिपचा छोटा बोर्ड आणि माझ्या बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर. आठ ओहमला प्रत्येक बाजूला वीसएक वॅट मिळतात. घरच्या खोलीत गाणं ऐकायला बहुतेक वेळ एक वॅटही लागत नाही आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, हे तुम्ही सांगितल्यावर खोक्यावरच्या त्या हजाराची भीड मोडली. तुमची मजुरी धरून सगळा हिशोब साडेतीन हजारांच्या आत बसला.

घरी जोडणी मीच केली. आवाज आला, पण बाबा अस्वस्थ. जिभेवर शब्द नीट येत नाहीत त्यांच्या, तरी म्हणाले, “गवई... कुठंय?” गाणं ऐकू येत होतं, पण मधोमध कुणी बसलेलंच नव्हतं आणि डग्गा पातळ झाला होता. रात्री नऊ वाजता तुम्हाला फोन केला. तुम्ही जेवत होतात, वाटीचा आवाज येत होता. म्हणालात, “पेन्सिल सेल आहे का घरात? डब्यामागच्या तारांना क्षणभर टेकव. अधिक टोक लाल तारेला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा.” डावा बाहेर आला, उजवा आत गेला. एका डब्यातल्या तारा मी उलट लावल्या होत्या. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय, मग खर्ज कापला जाणारच. तारा बदलल्या आणि गवई समोर येऊन बसला. बाबांनी डावा हात उचलून सम दिली. तुम्ही फोन ठेवला नव्हतात म्हणून तुम्हालाही मागे ठेका ऐकू गेला.

खोलीचंही तुमचंच ऐकलं. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड फूट पुढे आणले, दोन चौरंग एकावर एक ठेवून ट्वीटर बाबांच्या कानाच्या उंचीला आणला, टाइल्सवर सतरंजी घातली. सुतळीने मोजून दोन स्पीकर आणि बाबांची खुर्ची यांचा त्रिकोण सारखा केला. एका पैचा खर्च नाही, आणि माझं मत विचाराल तर अर्धा फरक या संध्याकाळच्या हलवाहलवीनेच पडला.

आता जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. परवा बाबांची एक जुनी कॅसेट, १९८७ सालची, घरच्या बैठकीतली, फोनवर उतरवून घेतली आणि लावली. यमन होता. आई गेल्यापासून ती कॅसेट कुणी वाजवली नव्हती, कारण तानपुऱ्यावर आई बसली आहे. बाबा डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून स्वच्छ म्हणाले, “खर्ज उतरलाय तिचा.” वर्षभरात त्यांनी एका दमात उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी परत लावून ऐकलं. खरंच, एक केसभर उतरला होता. जुन्या फरफरीत तो मला या जन्मात ऐकू आला नसता.

त्यानंतर ते हसले. खूप वेळ हसत होते.

काका, तुम्ही मजुरीचे चारशे रुपये घेतलेत आणि वर चहा पाजलात. मी त्याची परतफेड करू शकत नाही, तसा प्रयत्नही करणार नाही.

भाच्याला आता स्वतःची जोडी करायची आहे. खालचे-वरचे सगळे सूर एकटाच वाजवणारा चार इंची फुल-रेंज स्पीकर, आतून २० बाय २० बाय ३० सेंटिमीटरचा, म्हणजे १२ लिटरचा एमडीएफचा डबा, आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर कापूस. कुठल्या स्पीकरला किती लिटर हवेत हे अंदाजाने ठरत नाही, नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियात काम केलेल्या दोघांनी १९६१पासून पुढे त्याचं गणित मांडून ठेवलंय, एवढं त्याने वाचलंय. पण सुताराकडे जाण्याआधी तुम्ही आकडे एकदा बघा असा त्याचा हट्ट आहे.

शनिवारी अकराच्या सुमारास त्याला घेऊन येते. तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे, तोही आणते. बाबांनी तुमच्यासाठी यमनची ती कॅसेट उतरवून द्यायला सांगितली आहे. उतरलेल्या खर्जासकट.

तुमची,
काळी एकवाल्या मास्तरांची मुलगी