डावा गाल माझा, उजवा तुझा

प्रिय ताई,

परवा बस्ट पुरा झाला. हेल्मेटच्या जाळीवरून शेवटचा हात फिरवला, ब्रश धुतले, आणि तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं आणि चारचौघांत लिहायचं. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. नाव घालू नको म्हणालात, तेवढं ऐकतो. बाकी काही ऐकणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. बस्ट म्हणजे हा 1/10 मापाचा, रेझिन या कडक प्लास्टिकसारख्या पदार्थात ओतलेला अर्धपुतळा; तो बिनरंगी मिळतो, रंगवायचा आपण. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई, छातीपर्यंतचा. मी तो घेतला नाईक यशवंत घाडगे यांच्यापायी. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे पडले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते तसेच धावत गेले. बॉम्ब टाकून मशीनगन आणि तिच्यावरचा माणूस गारद केला, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या स्नायपरांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय होतं 22. त्यांचं थडगं कुठे नाही. इटलीतल्याच कसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही अशा 4,000 हून अधिक नावांमध्ये त्यांचं नाव कोरलेलं आहे.

हा बस्ट त्यांचा नाही, हे मला माहीत आहे. चेहरा त्या पलटणीतल्या कुणाचाही असू शकतो. पण ज्यांची माती कुठे आहे हेही कळलं नाही, त्यांच्यातल्या एकाचा चेहरा तरी नीट रंगवला जावा, एवढाच माझा हट्ट होता.

आणि डबा उघडला तर डावा कान तुटलेला, गालावर हवेच्या बुडबुड्याचा खड्डा. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोटो पाठवले. "रेझिन आहे, एवढं चालायचंच," असं उत्तर आलं आणि त्यानंतर उत्तरंच बंद झाली. पैसे घेताना हीच माणसं काय गोड बोलत होती!

त्याचंही एवढं वाटलं नाही. लागलं ते जाणकारांचं. वर्षानुवर्षं हेच करणारी, बक्षिसं मिळवलेली माणसं. त्यांना विचारलं, या कातडीचा रंग कसा साधायचा? एकाने सांगितलं, 'फ्लेश' लिहिलेली, म्हणजे गोऱ्या कातडीच्या रंगाची बाटली घे आणि त्यात थोडा काळा टाक. दुसरे म्हणाले, सरसकट तपकिरी लावून वर गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग मार, हेल्मेटखाली कोण बघतंय? हीच मंडळी नेपोलियनच्या सैनिकाच्या गालावरची लाली कशी उतरवायची यावर तासन्‌तास वाद घालतात. गोऱ्या चेहऱ्याला दहा छटा आणि आपल्या माणसाला एकच तपकिरी. मला ते फार झोंबलं, अजूनही झोंबतं.

तुमच्याकडे मी आलो तो फक्त कानासाठी. एपॉक्सी पुट्टीने तो कसा घडवायचा, खड्डा कसा बुजवायचा, घासताना पाणी का वापरायचं आणि तोंडाला मास्क का हवाच, हे सगळं तुम्ही सांगितलंत. कान झाला. तिथेच तुमचं काम संपलं होतं. पण फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "रंगाचं काय ठरवलंयस?" माझ्या आवाजातच तुम्हाला काय ते कळलं असावं.

पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळलेलं एक डोकं. तुमच्या भंगारातलं, कास्टिंग फसलेलं, मागच्या बाजूने भोकं पडलेलं. चेहऱ्याचा बरोबर अर्धा भाग तुम्ही रंगवला होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत. दुसरा अर्धा नुसता करडा प्रायमर. सोबत चिठ्ठी: "डावा गाल माझा, उजवा तुझा. बिनधास्त बिघडव."

ताई, ते डोकं जेमतेम अडीच सेंटीमीटरचं आहे. मी भिंग घेऊन किती वेळ बघत बसलो होतो! गालाखालच्या सावलीत काळा औषधालाही नाही, गडद तपकिरीत जांभळ्याची झाक आहे. नाकाच्या दांडीवर आणि गालफडावर उजळपणा आहे तो पांढऱ्याचा नाही, पिवळ्या मातीचा. कानाच्या पाळीला आणि खालच्या ओठाला किंचित तांबूस. दाढी केलेल्या हनुवटीवर निळसर करड्याचा इतका पातळ थर, की तिरक्या उजेडातच दिसावा. आणि हेल्मेटच्या पट्ट्याच्या कडेला केसभर रुंदीची फिकट रेघ. पट्टा जरासा सरकलाय आणि त्याखालची ऊन न लागलेली कातडी दिसतेय! जुलैच्या उन्हात दिवसचे दिवस हेल्मेट घालून वावरलेला माणूस तुम्ही त्या एका रेघेत दाखवलात. टाकून द्यायच्या डोक्यावर.

तुम्ही रंगांची यादी पाठवू शकला असतात. तेवढीही पुष्कळ होती. पण यादी हातात घेऊन मी पुन्हा त्या बस्टसमोर घाबरूनच बसलो असतो. तुम्ही मला बिघडवायला एक चेहरा दिलात, आणि शेजारी आपला अर्धा ठेवलात. मी उजवा गाल रंगवला, पुसला, पुन्हा रंगवला. जिथे अडलो तिथे बोटभर सरकून तुमच्या बाजूला बघितलं. खऱ्या बस्टला हात लावला तेव्हा हात थरथरला नाही.

हातचं राखून शिकवणारे खूप भेटतात. अर्धं सांगतील, कळीचं तेवढं पोटात ठेवतील, आणि समोरचा अडखळला की 'अनुभव लागतो' म्हणतील. तुम्ही हातचं काहीच ठेवलं नाहीत. त्याबद्दल काही मागितलं नाहीत, चार लोकांत सांगितलं नाहीत. तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून नवखा माणूस ब्रश खाली ठेवत नाही. कुठल्याही विद्येत हे असंच असणार. चांगुलपणाला फार मोठं काही करावं लागत नाही, पण समोरच्याची अडचण आपल्या कामाइतकी मन लावून बघावी लागते, आणि तेच किती थोड्यांना जमतं!

आता बैठकीवर पितळी पट्टी लावणार आहे. त्यावर फक्त 'मराठा लाइट इन्फन्ट्री, इटली, 1944' एवढंच. ते अर्धं-अर्धं डोकं मात्र परत मागू नका, देणार नाही. बस्टशेजारीच राहील, दोन्ही गाल रंगवलेलं. तुमचा कुठला आणि माझा कुठला हे लांबूनही ओळखू येतं, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

एक विचारायचं राहिलं. सगळ्या चेहऱ्यावर मॅट वार्निश मारलंय, पण डोळ्यांवर ग्लॉसचा थेंब द्यावा की नाही हे ठरत नाहीये. डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा आहे, चमक जास्त झाली तर रडल्यासारखा दिसेल अशी भीती वाटते. तुमच्या अर्ध्या चेहऱ्यावर तुम्ही तो दिलेला नाही. मुद्दाम, की राहून गेला? कळवा. तोवर बाटली उघडत नाही.

तुमचा ऋणी,
उजव्या गालाचा रंगारी