आमच्या दऱ्यांचा दर्या करू नका : एक खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर प्रणाम. पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या सोमवारी माझ्या हातात एक पावती पडली. तिच्यावर आमच्या वडिलार्जित शेताचं नाव असं छापलं आहे :

????????? ???

हे पत्र नेमकं कोणत्या खात्याच्या मंत्र्यांना लिहावं हे मला कळलेलं नाही. चार खिडक्यांवर विचारलं. पहिलीनं दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीनं तिसरीकडे, तिसरी जेवायला गेली होती आणि चौथीवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "मास्तर, सिस्टम घेना." तेव्हा ही सिस्टम ज्यांच्या अखत्यारीत येते त्यांनी पत्र आपलं मानावं. बाकीच्या मंत्र्यांनीही वाचावं, माझी ना नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. मराठी प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं. पहिलीच्या पोरांचा हात धरून पाटीवर ळ गिरवून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. वडील यंदा गणेश चवथीच्या आठ दिवस आधी गेले, ९१ वर्षांचे होऊन. मागे ठेवलं ते जुनं घर, थोडं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि ओहोळाच्या काठची एक मळी. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आपल्याकडे शेताच्या नावाचा रकाना असतो, हे आपणास ठाऊक असेलच. नसेल तर कोणाला तरी विचारून घ्यावं. आमच्या मळीचं नाव आहे 'झऱ्याकडची मळी'. तिथं झरा आहे, म्हणून हे नाव. मे महिन्यातही आटत नाही.

वारसांची नावं चढवायची म्हणून एका खात्याच्या पोर्टलवर गेलो. वर उजव्या कोपऱ्यात 'मराठी' असं बटण आहे. माझ्यासारख्याला ते बटण म्हणजे सरकारनं दिलेला शब्द वाटतो. दाबलं. मथळे मराठी झाले, मन भरून आलं. मग चाळीस मिनिटं खपून एका बोटानं अर्ज भरला. मधे दोनदा वीज गेली, एकदा ओटीपी शिळा झाला. आमच्या वाड्यावर रेंज मिळते ती फक्त वरच्या सड्यावर, त्यामुळे ओटीपी आला की धावत खाली यायचं, आणि माझ्या गुडघ्यांचं वय ओटीपीच्या यंत्राला माहीत नसतं. शेवटी अर्ज गेला, शुल्क कापलं गेलं आणि पावती आली ती ही अशी.

मास्तर माणूस, सवयीनं प्रश्नचिन्हं मोजली. नऊ आणि तीन. पुतण्या पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, बरोबर आहेत की. झ, ऱ, हलन्त, य, काना, क, ड, च, वेलांटी, झाले नऊ. म, ळ, वेलांटी, हे तीन." म्हणजे मी दाबलेलं प्रत्येक अक्षर तिथं सुखरूप पोचलं होतं. वाटेत एकही सांडलं नव्हतं. पण ज्या कोठारात ते ठेवायचं, तिथं देवनागरीला जागाच केलेली नव्हती, म्हणून त्यानं एकेक अक्षर हातात घेतलं, ओळखता आलं नाही म्हणून फेकून दिलं आणि त्याच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह मांडून ठेवलं. इतक्या शिस्तीनं केलेली नासाडी मी सरकारी कामात प्रथमच पाहिली. आता मूळ नाव त्यातून परत काढता येत नाही म्हणे. प्रश्नचिन्हातून झरा कसा निघायचा?

दुसऱ्या खेपेला रोमनमध्ये भरला. आता घर क्रमांक अडला. आमच्या घराचा क्रमांक आहे ७४/अ. पंचायतीनंच दिलेला, मी काही हौसेनं तिरकी रेघ ओढलेली नाही. पोर्टल म्हणालं, स्पेशल कॅरेक्टर चालणार नाही. रेघ काढली तर ७४अ होतं, आणि मग घरपट्टीच्या पावतीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत. सर्व्हे नंबराचंही तेच. गोव्यात पोटविभागाशिवाय जमीन कोणाकडे आहे? निम्म्या गोव्याची मालकी त्या तिरक्या रेघेवर उभी आहे. (निम्म्या म्हटलं ते अंदाजानं. जास्तच असेल.)

याच पोर्टलवर खातं उघडताना काय सांगितलं होतं, ऐका. पासवर्डात किमान एक स्पेशल कॅरेक्टर हवंच. नावात नको, पत्त्यात नको, शेतात नको, फक्त पासवर्डात हवं, जिथं ते कोणाला दिसणार नाही. मी ळ घातला. आमच्या भाषेत याहून स्पेशल अक्षर कुठलं? तेही घेतलं नाही.

मंत्रिमहोदय, आपण म्हणाल, मास्तर, ही तांत्रिक अडचण आहे. हे ऐकूनच माझं डोकं फिरतं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात एकेक क्रमांक देणारं मानक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या होत्या. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड आखला तो त्याच्याही आधी, १९८६ मध्ये. 'जे'च्या कळीवर र, शिफ्ट धरला की ऱ. 'एन'वर ल, शिफ्ट धरला की ळ. एवढं मी साठी उलटल्यावर आठवड्यात शिकलो. 'ॲ' या अक्षराला स्वतःची जागा मिळायला मात्र २००८ उजाडलं. तोवर आम्ही हिंदीच्या 'ऍ'वर दिवस काढले, आणि पुष्कळ ठिकाणी अजून काढतो. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं मोबाइलसाठी मानकच काढलं, आयएस १६३३३, भाग ३. देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, असं त्यात आहे. आठ हजारांच्या फोनला जे जमतं ते तुमच्या पोर्टलला जमत नाही, आणि त्या पोर्टलवर खर्च किती झाला हे मी विचारतसुद्धा नाही. झोप उडेल माझी.

रुपयाचं चिन्ह घ्या. जुलै २०१० मध्ये भारत सरकारनं ते स्वीकारलं. रोमन आर आणि आपला देवनागरी र यांच्यातून ते घडलं. शुल्काच्या रकान्यात मी ₹ घातलं, तर लाल अक्षरांत 'अवैध चिन्ह'. सरकारच्याच रुपयाला सरकारच अवैध म्हणत असेल तर नोटाबंदी पुन्हा झाली की काय अशी शंका येते.

हे रडगाणं फक्त मराठीवाल्यांचं आहे असं समजू नका. म्हापशाला माझ्याबरोबर शिक्षण खात्यात होते ते एक गृहस्थ आहेत. त्यांच्या आडनावात 'डी'नंतर वर एक टिंबासारखा स्वल्पविराम, म्हणजे इंग्रजीतला ॲपॉस्ट्रॉफी, येतो. संगणकावर साधा उभा टिंब चालतो, पण फोन आपल्या शहाणपणानं त्याला वाकवून सुबक करतो, आणि पोर्टल त्या वाकड्या टिंबाला ओळखत नाही. मग कधी टिंब असलेलं, कधी नसलेलं, कधी मधे जागा सोडलेलं अशी एकाच माणसाची तीन आडनावं झाली. त्यांच्या वडिलांचं नाव पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीत 'ए'वर लाट काढून लिहिलेलं आहे. फोनवर 'ए'ची कळ जरा दाबून धरली की ती लाट आपोआप पुढे येते. अर्जात ती चालत नाही. वहीतला माणूस आणि अर्जातला माणूस एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र द्या म्हणतात. मेलेल्या बापासाठी.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. तिसऱ्या खेपेला मी कचेरीतच गेलो. म्हटलं, तुमच्या संगणकात माझी जुनी नोंद आहे ना, ती तरी काढा. मुलानं 'झऱ्याकडची' टाइप करून शोधलं. नोंद नाही. माझ्या हातात त्याच संगणकातून काढलेला जुना कागद, त्यावर तेच नाव, तरी नोंद नाही! पुतण्यानं रात्री समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन रीतींनी टाइप करता येतं. एक, खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. कोणी तरी वर्षांपूर्वी एका रीतीनं भरलं, हा दुसऱ्या रीतीनं शोधतोय. दोन्ही रीती एकच मानायची सोय करणं हे त्या क्षेत्रातल्या माणसाला एका दुपारचं काम, असं पुतण्या म्हणतो. दुपार नसेल, आठवडा असेल. आठवडा घ्या.

आणि ते न दिसणारं जोडचिन्ह गाळलं की काय होतं ठाऊक आहे? झऱ्याचं 'झर्या' होतं. दऱ्याचं दर्या होतं. पहिलीतल्या पोरालाही हा फरक कळतो. दऱ्या म्हणजे आमच्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या. दर्या म्हणजे तुमचा. होय, तुमचाच म्हणतो, कारण या राज्यात सरकारला दिसतो तो दर्याच. गोव्याची जाहिरात काढली की दर्या, योजना काढली की दर्या, पाहुणा आला की त्याला दर्यावर नेणार. आमच्याकडे येता ते म्हादई नदीच्या पाणीवादावर भाषण करायला आणि मतं मागायला. संगणकानं दऱ्यांचा दर्या केला तेव्हा मला वाटलं, हे यंत्र चुकत नाही, हे तुमच्याकडूनच शिकलेलं दिसतं.

एका रस्त्यावर नवा फलक लागलाय. आमच्या वाळपईचं देवनागरीत 'वालपोई' केलंय. मराठी नावाचं पोर्तुगीज स्पेलिंग झालं, ते स्पेलिंग कोणा बाहेरच्या ठेकेदाराच्या यंत्रात घातलं आणि त्यातून उलटं देवनागरी काढलं. ळ वाटेतच मेला. साखळी गावाचं 'सांकेलिम' वाचायची तयारी मी मनाशी करून ठेवली आहे. डिचोली तालुक्यात पाळी गाव आहे आणि आमच्या सत्तरीत पाली आहे. उद्या एकाच्या पाणीपट्टीची बिलं दुसऱ्याला गेली की म्हणाल, तांत्रिक अडचण.

कायद्याचं म्हणाल तर तोही आमच्या बाजूला आहे. १९८७ चा राजभाषा कायदा मराठीला शासकीय कामांत जागा देतो. तेव्हा त्यासाठी किती डोकी फुटली ते मी जवळून पाहिलं आहे, तो विषय आज काढत नाही. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की, गाऱ्हाणं मांडायला राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा नागरिक वापरू शकतो. त्यात 'सिस्टमनं घेतल्यास' अशी अट मला कुठं सापडली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली, आमच्या वाचनालयात पेढे वाटले. अभिजात झाली, पण अर्जात मात्र अवैध.

हिशेब सांगतो. पाच फेऱ्या, प्रत्येकीला बस, चहा आणि झेरॉक्स धरून दीडशे रुपये. सायबर कॅफेवाल्याचे तीनशे. दोनदा कापलेलं शुल्क वेगळं. हजार-बाराशे कुठं गेले नाहीत. असे सत्तरीत शंभर जण तरी असतील, बारा तालुक्यांत किती ते तुम्ही मोजा, तुमच्याकडे यंत्र आहे. मोजलेला आकडा प्रश्नचिन्हांत आला नाही म्हणजे मिळवली.

एसएमएसचं राहिलंच. अर्ज फेटाळल्याचा संदेश मला इंग्रजीत आला. मराठीत का नाही, तर म्हणे महाग पडतं. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात. देवनागरी आलं की ७०, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. हे खरं आहे, मी तपासलं. पण 'अर्ज नामंजूर' एवढं लिहायला कितीशी अक्षरं लागतात हो?

मागण्या फार नाहीत. ळ, ऱ, ॲ घ्या. तिरकी रेघ आणि आडनावातला टिंब घ्या. पोर्टल उघडण्याआधी एका मास्तराला बसवून दहा नावं भरून पाहा आणि पावतीवर काय उमटतं ते वाचा. मी फुकट येईन. येण्याजाण्याचं भाडंही मागणार नाही, कारण ते कोणत्या फॉर्मवर मागायचं हा नवा प्रश्न उभा राहील.

माझ्या आजोबांचं आडनाव पोर्तुगीज अमलात रेजिदोरानं, म्हणजे गावच्या सरकारी कारभाऱ्यानं, वहीत चढवलं, तेव्हाच त्यातला ळ गेला. वडील हयातभर चिडून सांगत. मी त्यांना म्हणायचो, भाऊ, जाऊ द्या, त्या माणसाच्या भाषेत ळ नव्हताच, तो तरी काय करणार! वडिलांना हे पटायचं, थोडं. आज त्यांच्या मळीची पावती त्यांना दाखवावी लागली नाही, हे एक बरं झालं.

उत्तर मराठीत पाठवावं. नुसती प्रश्नचिन्हं आली तर समजेन की आपण सविस्तर लिहिलं होतं.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
घर क्र. ७४/अ, झऱ्याकडच्या मळीजवळ,
सत्तरी, गोवा