डॅक घेण्याआधी

पुणे

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

दीड लाखाचा डॅक (डिजिटल फाइलचा ॲनालॉग आवाज करणारी पेटी) घ्यायचं तू मनावर घेतलंयस, तर जरूर घे. फक्त पैसे देण्याआधी एक गोष्ट बघ. तुझे स्पीकर जोडलेत एव्ही रिसीव्हरला, म्हणजे होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरला. अशा रिसीव्हरमध्ये ॲनालॉग इनपुटला आलेला आवाज बहुतेक वेळा आत पुन्हा डिजिटल होतो, त्यावर बास मॅनेजमेंट (खालचे सूर सबवूफरकडे वळवणं) आणि खोलीची दुरुस्ती (खोलीमुळे आवाजात येणारे दोष काढणं) चालते आणि मग रिसीव्हरच्याच डॅकमधून तो बाहेर पडतो. म्हणजे दीड लाखाच्या पेटीनं केलेलं काम पुढच्या पेटीत मोडून पुन्हा केलं जातं. यावर उपाय म्हणजे रिमोटवरचं 'प्युअर डायरेक्ट'. ते दाबलं की ॲनालॉग सिग्नल सरळ व्हॉल्यूम आणि ॲम्प्लिफायरकडे जातो. पण मग सबवूफरही बहुधा गप्प होतो आणि खोलीची दुरुस्तीही जाते. त्याशिवाय ऐकायला आवडत नसेल, तर आधी दोन चॅनेलचा चांगला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर घे आणि डॅकचं नंतर बघ.

दुकानदार चिपचं नाव आधी सांगेल. त्यावर फार जाऊ नकोस. ऑक्टोबर 2020 मध्ये एकेएम या डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचा जपानमधल्या नोबेओकाचा कारखाना जळाला आणि बऱ्याच कंपन्यांना चिप बदलावी लागली. आरएमई कंपनीच्या एडीआय-2 डॅकमध्ये एकेएमच्या जागी ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप आली आणि तो तितकाच चांगला राहिला, कारण निकाल ठरतो तो चिपभोवतीच्या सर्किटवर: आउटपुट स्टेज, वीजपुरवठा, क्लॉक. सीडीच्या 16 बिटांची मजल, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, साधारण 96 डेसिबलची. आज दहा-पंधरा हजारांचा नीट बनवलेला डॅकही त्याच्या पुढे जातो. नॉन-ओव्हरसॅम्पलिंग (डिजिटल नमुने न वाढवता तसेच वाजवणाऱ्या) डॅकचं कौतुक ऐकशील, त्यात मात्र खरंच फरक पडतो: 44.1 किलोहर्ट्झच्या (सीडीच्या नमुना-दराच्या) फाइलला 20 किलोहर्ट्झपाशी सुमारे 3 डेसिबलची घट येते. ती कुणाला गोड वाटते, पण मूळ ध्वनिमुद्रणात ती नाही.

महागडा आणि स्वस्त डॅक घरी आणून ताडून बघ. तुझ्या सीडी प्लेअरला ऑप्टिकल आणि कोॲक्शिअल दोन्ही आउटपुट आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. एक या डॅकला, दुसरं त्या डॅकला, आणि दोघांच्या आरसीए केबल रिसीव्हरच्या दोन ॲनालॉग इनपुटना, प्युअर डायरेक्टमध्ये. आता आवाजाची पातळी सारखी कर. हे सोडलंस तर बाकी सगळं फुकट, कारण जो किंचित मोठा तोच कानाला 'खुला' आणि 'जिवंत' वाटतो. ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 200 हर्ट्झचा टोन तयार करून सीडीवर लिही, तो लाव, आणि स्पीकर जोडलेलेच ठेवून त्याच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोज. रस्त्यावरचा स्वस्त पिवळा मल्टिमीटर इथे चालत नाही, त्याची सगळ्यात लहान एसी रेंज 200 व्होल्टची असते. हजारावा व्होल्ट दाखवणारा माग. पहिल्या डॅकवर रिसीव्हरचा व्हॉल्यूम फिरवून 1.00 व्होल्ट आण, मग दुसऱ्या डॅकवर त्याच्या स्वतःच्या व्हॉल्यूमने 0.97 ते 1.03 च्या आत ये. अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्या असल्या तर एवढं जमतंच, आणि पाव डेसिबलपेक्षा जास्त फरक ठेवू नकोस.

मग वहिनींना इनपुट बदलायला सांग, तुला न दाखवता, नाणं उडवून. 16 वेळा ओळख. 12 किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही, नुसत्या अंदाजानं तसं घडायची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. ऐकायला विलंबित आलापाची सुरुवात घे, ज्यात तानपुऱ्याची जवारी उघडी ऐकू येते. नाट्यसंगीताच्या 78 च्या तबकड्यांवरून काढलेल्या फाइली या कामाच्या नाहीत. त्यांची खरखर कुठल्याही डॅकच्या दोषापेक्षा कितीतरी मोठी, आणि 1925 च्या आधीची गाणी तर मायक्रोफोनशिवाय, भोंग्यात गाऊन घेतलेली. त्यांत नव्हतंच ते डॅक कुठून आणणार?

लॅपटॉप यूएसबीनं जोडलास की गुणगुण यायची शक्यता आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालव. गुणगुण थांबली तर तो अर्थ लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याचा दोष. सेट-टॉप बॉक्सची केबल रिसीव्हरला पोहोचत असेल तर तीही काढून बघ, पुष्कळदा दोषी तीच निघते. लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ऑप्टिकलनेच जोड, त्यात तांब्याचा दुवाच नाही. नाहीतर यूएसबी आयसोलेटर (मधला विजेचा दुवा तोडणारी डबी) लाव. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आण. पण प्लगची अर्थची पिन कधीही काढू नकोस, कोणी कितीही सांगो. विंडोजमध्ये प्लेअरला 'एक्स्क्लुझिव्ह मोड' दे, नाहीतर विंडोजचा मिक्सर 44.1 किलोहर्ट्झचं 48 करून पुढे ढकलतो.

भाची अमेरिकेहून आणणार असेल तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज आधी वाचायला सांग. बाहेरचा अडॅप्टर 100–240 चा असेल तर निर्धास्त. आत ट्रान्सफॉर्मर आणि फक्त 115 लिहिलेलं असेल तर आपल्या 230 वर तो जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावण्यापेक्षा दुसरा डॅक बघावा.

आता मला काय वाटतं ते सांगतो. एवढे पैसे घालायचेच तर ज्यात पॅरामेट्रिक इक्वलायझर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा आवाज कमी-जास्त करायची सोय) आहे असा डॅक घे. एडीआय-2 मध्ये पाच बँड आहेत. तुझी खोली 12 फूट लांब असेल तर 47 हर्ट्झच्या आसपास बास फुगतोच, आणि तबल्याच्या बायाँची गुमकी त्यात लडबडते. मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन आणि फुकट मिळणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर घेऊन ते शिखर शोध आणि तिथे तेवढेच डेसिबल काप, क्यू (कापणी किती अरुंद त्याचा आकडा) 5 च्या आसपास ठेवून. जिथे आवाज दबतो ते खड्डे भरायला जाऊ नकोस, ॲम्प्लिफायर घाम गाळतो आणि खड्डा तसाच राहतो. अशा कापणीनं ऐकण्यात जो फरक पडतो तो कुठल्याही चिपनं पडणार नाही. याच्या आड रिसीव्हरचं रूपांतरण येत नाही, कारण प्युअर डायरेक्ट असतानाही डॅकमधली दुरुस्ती कायम राहते.

खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. पहिल्या फिल्टरचे आकडे मी काढून ठेवतो, मोजमाप झालं की ते हलवू.

तुझा,
श्रीकांत